मुलींचा सॉफ्टबॉल ट्रॅव्हल संघ: ऑगस्टच्या ट्रायआउटपासून पहिल्या टूर्नामेंटपर्यंत

अमेरिकेत गावच्या रेक लीगचा, म्हणजे हौशी स्थानिक स्पर्धेचा, हंगाम जूनमध्ये संपतो. त्यानंतर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विषय काढतं, "आपणच एक ट्रॅव्हल संघ काढू या का?" न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतल्या मुलीही आता या खेळात आहेत. त्यांचे आईबाबा लहानपणापासून क्रिकेट बघत आलेले असल्याने मैदान त्यांना परकं वाटत नाही. अडतं ते मैदानाबाहेरच्या कामांशी.

ट्रॅव्हल संघ म्हणजे ट्रायआउट (निवड चाचणी) घेऊन निवडलेला, शनिवार-रविवारी गावोगावच्या टूर्नामेंट खेळणारा आणि आपला खर्च आपणच उचलणारा संघ. असा नवा संघ पहिल्याच वर्षी मोडतो तेव्हा कारण बहुतेक वेळा तीनांपैकी एक असतं: पैशाचा हिशेब, खेळायला मिळण्यावरून झालेली वादावादी, किंवा एकाच पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या, खांद्यावर ओढलेला हंगाम. तिन्ही गोष्टी मोठ्यांच्या हातातल्या आहेत आणि तिन्ही ट्रायआउटच्या आधी ठरवता येतात. म्हणून या लेखातली निम्म्याहून अधिक कामं पहिली मुलगी मैदानावर उतरण्याआधीची आहेत. उदाहरणासाठी १२-यू (१२ वर्षं आणि त्याखालील) हा गट धरला आहे, कारण बहुतेक पालक इथूनच सुरुवात करतात.

आधी पिचर मोजा

साधारण टूर्नामेंटमध्ये शनिवारी दोन-तीन पूल (गटातले) सामने आणि रविवारी बाद फेरी असते. डबल एलिमिनेशन (दोनदा हरल्यावर बाहेर) असेल आणि पहिला सामना हरलात, तर रविवारी चार सामनेही खेळावे लागतात. आपण पाचच सामने धरू, प्रत्येकी पाच इनिंगचे. म्हणजे २५ इनिंग. इथली इनिंग म्हणजे समोरच्या तीन मुली आउट होईपर्यंतची पाळी. या वयात वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) भरपूर जातात, त्यामुळे एका इनिंगला १८ ते २० पिच, म्हणजे टाकलेले चेंडू, सहज पडतात. दोन दिवसांचे झाले साडेचारशे ते पाचशे पिच.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांच्या 'स्टॉप स्पोर्ट्स इंज्युरीज' मोहिमेने १० ते १२ वयाच्या सॉफ्टबॉल पिचरसाठी सुचवलेली मर्यादा आहे सामन्यात ६५ आणि दिवसात ९५ पिच; सलग दोन दिवस टाकले की तिसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती. म्हणजे एका मुलीला शनिवार-रविवार मिळून जास्तीत जास्त १९० पिच टाकता येतात. भागाकार केला की उत्तर अडीच येतं. तीन पिचर हव्यात. कॅचर (बॅटिंग करणारीच्या मागे बसून चेंडू घेणाऱ्या) किमान दोन, कारण जुलैच्या उन्हात अंगभर पॅड बांधून एका दिवसात तीन सामने बसून काढणं एका मुलीला झेपत नाही आणि झेपवायला लावूही नये.

खालून टाकलेल्या चेंडूने हाताला काही होत नाही, हा समज आपल्याकडेही पक्का आहे, पण तो खरा नाही. सॉफ्टबॉलच्या विंडमिल पद्धतीत हात खांद्याभोवती पूर्ण वर्तुळ फिरतो आणि चेंडू सुटताना खांद्याच्या पुढच्या भागावर आणि बायसेप्सच्या स्नायूबंधावर मोठा ताण येतो. बेसबॉलमध्ये मुलांना पिचची मर्यादा असते. मुलींच्या ट्रॅव्हल टूर्नामेंटमध्ये बहुतेक ठिकाणी अशी मर्यादाच नसते. पंच थांबवणार नाही, समोरचा कोच थांबवणार नाही. मोजायचं आणि थांबवायचं काम तुमचंच. संघातल्या एका मोठ्या माणसाकडे हातात दाबायचा काउंटर द्या. वॉर्म-अपचे चेंडूही त्यात धरा.

तीन पिचर मिळत नसतील तर पूर्ण हंगामाचा हट्ट धरू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरचा फॉल हंगाम तेवढा खेळा आणि हिवाळ्यात दोन मुलींना पिचिंग शिकवा. विंडमिल नीट बसायला एक-दोन वर्षं जातात, पण मार्चपर्यंत एखादी मुलगी दोन इनिंग सांभाळण्याइतकी तयार होऊ शकते.

चार माणसं आणि त्यांची कागदपत्रं

हेड कोच, सहायक कोच, खजिनदार आणि मॅनेजर एवढे चौघे लागतातच. मॅनेजरकडे नोंदणी, हॉटेल, निरोप. खजिनदार हेड कोचच्या घरातला नसावा. यात अविश्वास नाही. जो मुलींची निवड करतो त्याच्याच घरात पैसे राहिले की प्रत्येक निर्णयाकडे संशयाने बघितलं जातं आणि चांगल्या माणसाला त्याचा मनस्ताप होतो. बँक खातं संघाच्या नावाने, दोन सह्यांचं, आणि महिन्याचा हिशेब सगळ्या पालकांना.

डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पार्श्वभूमी तपासणी आणि मुलांचा छळ रोखण्याबद्दलचं सेफस्पोर्ट प्रशिक्षण सुरुवातीलाच उरकून घ्या. मुलांच्या लैंगिक छळाला आळा घालणारा केंद्रीय कायदा २०१८ साली लागू झाला. त्यानुसार कोचला अशा छळाचा संशय आला तर २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. रोजच्या व्यवहारात याचे दोन साधे नियम होतात. कोच आणि मुलगी एकटे असतील अशी जागा नको, दुसऱ्या कुणाला तरी दिसलं पाहिजे आणि मध्ये येता आलं पाहिजे. आणि मुलीला पाठवलेल्या प्रत्येक मेसेजमध्ये तिचे पालक किंवा दुसरा मोठा माणूस हवाच. "घरचाच माणूस आहे, काका आहेत" म्हणून कुणालाही सूट देऊ नका.

डोक्याच्या दुखापतीबद्दल सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं 'हेड्स अप' हे ऑनलाइन प्रशिक्षण फुकट आहे. सगळ्या कोचनी करावं. चेंडू लागल्यावर मुलगी गोंधळली, डोकं दुखतं म्हणाली, उजेड सहन होईना, तर त्या दिवशी तिचा खेळ संपला आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय ती परत उतरणार नाही.

नोंदणी, विमा आणि करसवलत

सगळ्यात सोपी वाट म्हणजे आधीपासून चालू असलेल्या एखाद्या सॉफ्टबॉल संस्थेच्या छत्राखाली आपला संघ काढणं. मैदान, विमा, करसवलत तयार मिळते. बदल्यात त्यांचे नियम आणि गणवेश घ्यावे लागतात. पहिल्यांदा संघ काढणाऱ्यांनी आधी हीच विचारणा करावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

स्वतंत्रच काढायचा असेल तर क्रम असा ठेवा. राज्याकडे ना-नफा संस्था म्हणून नोंदणी. मग आयआरएसकडून (केंद्रीय करखात्याकडून) ईआयएन, म्हणजे संस्थेचा कर-ओळख क्रमांक. तो आयआरएसच्या साइटवर फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटींच्या नादी लागू नका. मग बँक खातं. देणग्यांवर करसवलत हवी असेल तर धर्मादाय संस्थांचा ५०१(सी)(३) दर्जा. वार्षिक जमा ५०,००० डॉलरच्या आत राहणार असेल तर छोटा फॉर्म १०२३-ईझेड चालतो, शुल्क २७५ डॉलर. दर्जा मिळाल्यावर दरवर्षी ९९०-एन हे छोटंसं ऑनलाइन पत्रक भरायचं. सलग तीन वर्षं राहिलं तर दर्जा आपोआप रद्द होतो, आणि खजिनदार बदलला की हेच नेमकं राहून जातं.

इथे एक चूक सर्रास होते. ज्या घराने निधी जमवला त्याच घराच्या फीमधून तो वजा करायचा, हे सगळ्यांना न्याय्य वाटतं. पण करसवलत असलेल्या संस्थेला ते चालत नाही, कारण त्यातून ठरावीक कुटुंबांचा खासगी फायदा होतो. याच कारणावरून एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबचा (निधी जमवणाऱ्या पालक मंडळाचा) दर्जा काढून घेणं टॅक्स कोर्टाने २०१३ साली योग्य ठरवलं. बेक सेलमधून आलेला पैसा संघाच्या एकाच पेटीत जाऊ द्या आणि सगळ्यांची फी सारखी कमी करा.

त्यानंतर खेळाची संघटना. यूएसए सॉफ्टबॉल (२०१७ पूर्वीची एएसए), यूएसएसएसए, पीजीएफ अशा अनेक संघटना आहेत. तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर कुणाच्या टूर्नामेंट जास्त होतात ते बघून एक निवडा. वयाची गणना कोणत्या तारखेला होते, ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. चुकीच्या तारखेने निवडलेली एक मुलगी सगळा संघ वरच्या गटात ढकलू शकते. संघटनेमार्फत संघाचा दायित्व विमा आणि अपघात विमा दोन्ही घ्या. मैदान देणारी नगरपालिका किंवा शाळा विम्याच्या प्रमाणपत्रावर स्वतःचं नाव घालून मागते, त्यामुळे विम्याचं काम मैदानाच्या अर्जाआधी व्हायला हवं. आणि वसंतातल्या मैदानांचे अर्ज बहुतेक गावांत थंडीतच संपतात.

पैशाचा आराखडा

खालचे आकडे १२ मुलींच्या, जवळपासच्याच टूर्नामेंट खेळणाऱ्या संघासाठी नमुन्यादाखल मांडले आहेत. तुमच्या भागातले दर घालून ते पुन्हा मांडा.

फॉलच्या ३ टूर्नामेंट, प्रत्येकी ४०० डॉलर: १,२००
वसंत आणि उन्हाळ्याच्या ७ टूर्नामेंट, प्रत्येकी ५५०: ३,८५०
हिवाळ्यात बंदिस्त जागा, १० आठवडे, दर आठवड्याला २ तास, तासाला ८०: १,६००
मैदानाचं भाडं: १,२००
गणवेश, १२ × १७५: २,१००
चेंडू, जाळ्या, टी (चेंडू ठेवून मारायचा दांडा), बादल्या, कॅचरचा एक संच: ९००
नोंदणी आणि विमा: ३५०
तपासण्या, प्रथमोपचार, किरकोळ: २००

बेरीज ११,४००. वर दहा टक्के राखीव, म्हणजे १,१४०. एकूण १२,५४०. आता याला बाराने भागू नका, अकराने भागा. वर्षभरात एक मुलगी जातेच: कुणाची बदली होते, कुणाचा हात मोडतो. अकराने भागलं तर प्रत्येकी १,१४० डॉलर येतात आणि ती गेली तरी संघ बुडत नाही. कुणीच गेलं नाही तर उरलेल्या पैशात शेवटची टूर्नामेंट निघते. हॉटेल, पेट्रोल, बॅट, ग्लव्ह आणि खासगी पिचिंग क्लास यात धरलेले नाहीत, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. फी तीन हप्त्यांत घ्या, पहिला हप्ता जागा स्वीकारताना. मध्येच संघ सोडला तर किती परत मिळणार, ते लेखी हवं.

टूर्नामेंटचे पैसे भरण्याआधी पावसाचा नियम वाचा. एकही सामना झाला नाही तर किती परत, एक झाला तर किती, हे प्रत्येक आयोजकाचं वेगळं असतं. 'स्टे टू प्ले' लिहिलेलं असेल तर त्यांच्याच मार्फत हॉटेल घ्यावं लागतं, मग नातेवाईकांकडे उतरायचा बेत बारगळतो.

ट्रायआउट

बहुतेक भागांत उन्हाळी हंगाम संपल्या संपल्या, ऑगस्टमध्ये ट्रायआउट होतात. किमान दोन दिवस ठेवा. एका दिवसात मुली घाबरलेल्याच दिसतात. पाठीवर क्रमांक लावा आणि गुण देणाऱ्यांपैकी निदान दोघांची स्वतःची मुलगी त्यात नसावी. स्थानिक हायस्कूलचा कोच किंवा कॉलेजात खेळलेली एखादी मुलगी दोन तासांसाठी आनंदाने येते.

होम प्लेटपासून (बॅटिंगच्या जागेपासून) पहिल्या बेसपर्यंतचे ६० फूट पळण्याची वेळ, दहा ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू), सहा उंच चेंडू, पंधरा पिचवर बॅटिंग एवढं पुरे. पिचर आणि कॅचरना वेगळा अर्धा तास द्या. पिचरचा वेग रडार गनवर दिसतो, पण १२-यूमध्ये वेगापेक्षा स्ट्राइक, म्हणजे मारता येईल अशा टप्प्यात टाकलेले चेंडू, महत्त्वाचे. वीस पिच टाकायला सांगा आणि किती स्ट्राइक झाले ते मोजा. बारा झाले तर ती तुमच्या कामाची. मुलगी चुकल्यावर काय करते तेही लिहून ठेवा: ग्राउंडर पायांमधून गेल्यावर वळून धावते की वडिलांकडे बघते. वडिलांकडे बघणारीला नाकारायचं नाही, पण त्या वडिलांशी आधी बोलून घ्यायचं.

आणखी एक प्रश्न सगळ्यांना विचारा: जून-जुलैत भारतात जाणार आहात का? मोठ्या टूर्नामेंट याच दिवसांत येतात आणि तिकिटं सहा महिने आधी काढलेली असतात. आजी-आजोबांना भेटणं थांबवायला सांगू नका, फक्त तारखा सप्टेंबरमध्येच कॅलेंडरवर घ्या. रविवारची मराठी शाळाही टूर्नामेंटच्या आड येणार. दहा रविवार कोणते, हे तेव्हाच कळलं तर शाळेच्या बाईंशी बोलता येतं.

निवड झालेल्यांना फोन करा, ४८ तासांची मुदत द्या. निवड न झालेल्यांनाही त्याच दिवशी स्वतः कळवा आणि काय सुधारायचं ते नेमकं सांगा. पुढच्या वर्षी याच मुली परत येतात.

सामान: कुठे खर्च करायचा

१२-यूला १२ इंचांचा चेंडू आणि ४० फुटांवरून पिचिंग. १०-यूला ११ इंचांचा चेंडू आणि ३५ फूट. १४-यूपासून ४३ फूट. गट बदलणाऱ्या मुलींना हा फरक महिनाभर जड जातो. सरावाला तीन डझन आणि सामन्यांसाठी एक डझन नवे चेंडू घ्या.

नवी बॅट घरी आली की आधी शिक्का शोधा. यूएसएसएसएच्या स्पर्धेत १.२० बीपीएफचा (बॅटच्या उसळीच्या मापाचा), अंगठ्याच्या ठशासारखा शिक्का लागतो. यूएसए सॉफ्टबॉलचा शिक्का वेगळा. काही बॅटींवर दोन्ही असतात, त्याच घ्या. मग बॅट कानाजवळ धरून हलवा: आत काही खुळखुळलं किंवा नखाला उभी चीर लागली तर पंच ती बाजूला ठेवणार. कंपोझिट (धातूऐवजी कार्बन-तंतूंची) बॅट थंडीत तडकते. तापमान ६० अंश फॅरेनहाइटच्या खाली असेल तर ती बॅगेतच राहू द्या आणि ॲल्युमिनियमची वापरा. मार्चच्या सकाळी साडेतीनशे डॉलरची बॅट पहिल्याच फटक्यात जाऊ शकते. लांबी मुलीच्या उंचीपेक्षा ताकदीवर ठरवा. हात सरळ पुढे करून एका हाताने बॅट वीस सेकंद स्थिर धरता आली नाही तर ती जड आहे.

हेल्मेटला जाळी हवीच. इनफिल्डमधल्या (बेसजवळ उभ्या असलेल्या) मुलींना आणि पिचरला चेहऱ्याचा मास्क अनेक ठिकाणी नियमाने लागत नाही. तुमच्या संघात सक्तीचा करा. १२-यूच्या पिचरचा ताशी ५० मैलांचा चेंडू ४० फुटांवरून साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो, आणि फटका मारलेला त्याहून जोरात परत येतो. बुटांना धातूचे खिळे या वयात चालत नाहीत.

सराव, आणि क्रिकेटच्या सवयी

आठवड्यातून दोन सराव, दोन-दोन तासांचे. पहिली पंधरा मिनिटं पळणं आणि ताणाचे व्यायाम, मग पंधरा मिनिटं फक्त फेकाफेकी. १२-यूचे बरेच रन चुकीच्या फेकीवर जातात, म्हणून ही पंधरा मिनिटं कधीच कापू नका. त्यानंतर तीन गट करा: ग्राउंडर, टीवर बॅटिंग, बंट (बॅटने चेंडू हलकेच जवळ पाडणं). दहा-बारा मुली रांगेत आणि एक बॅटवर, असा सराव म्हणजे दीड तास नुसतं उभं राहणं.

क्रिकेटमध्ये वाढलेल्या बाबा-कोचना तीन गोष्टी मुद्दाम विसराव्या लागतात. फटका मारल्यावर बॅट हातात घेऊन धावायचं नाही, आणि चेंडू फेअर (आखलेल्या रेषांच्या आत) असेल तर धावायचंच. 'नको' म्हणून थांबता येत नाही. चेंडू मोकळ्या हाताने न घेता ग्लव्हने घ्यायचा, मोकळा हात वर झाकण म्हणून. आणि चेंडू घेऊन बेसला पाय लावून आउट करणं ('फोर्स') वेगळं, धावणाऱ्या मुलीला चेंडूने स्पर्श करून आउट करणं ('टॅग') वेगळं. मागून येणाऱ्या मुलीमुळे जिला पुढे धावणं भाग नाही, तिला टॅग करावंच लागतं. पहिल्या महिन्यात दर सरावात दहा मिनिटं एवढ्यावरच द्या: कोच परिस्थिती ओरडेल, मुली हात वर करून 'फोर्स' की 'टॅग' ते सांगतील, मग चेंडू पडेल.

पहिली टूर्नामेंट

नव्या संघाने सर्वांत खालच्या वर्गात नाव घालावं. यूएसएसएसएमध्ये ए, बी, सी असे वर्ग असतात, तर सी. १५-० ने हरलेल्या सामन्यात तीन इनिंगमध्ये सगळं संपतं आणि निम्म्या मुलींना एकदाच बॅट मिळते. त्यातून कुणी काही शिकत नाही.

खेळायला किती मिळणार हे ऑगस्टमध्येच लिहून द्या. १२-यूसाठी आमची शिफारस: पूल सामन्यांत सगळ्या बाराजणी बॅटिंगच्या क्रमात, आणि प्रत्येकीला निदान दोन इनिंग फिल्डिंग, रविवारच्या बाद फेरीत कोच ठरवेल. तक्रार असेल तर सामन्यानंतर २४ तास थांबून फोन करायचा, डगआउटच्या जाळीपाशी नाही. हे पानभर नियम वाचून आई आणि बाबा दोघांनी सही करावी.

शनिवारी सकाळी मॅनेजरच्या फाइलमध्ये रोस्टर (खेळाडूंची यादी), विम्याचं प्रमाणपत्र, वैद्यकीय संमतीपत्रं आणि प्रत्येकीच्या जन्मदाखल्याची प्रत हवी. भारतात जन्मलेल्या मुलीचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. सकाळी सात वाजता रजिस्ट्रेशनच्या टेबलावर ते होत नाही. वेळेची मर्यादा 'ड्रॉप डेड' (वेळ संपताच खेळ बंद) आहे की चालू इनिंग पूर्ण होते, ते पंचांना सामन्याआधी विचारा, कारण शेवटच्या पाच मिनिटांतली सगळी गणितं त्यावर ठरतात. मेघगर्जना ऐकू आली की मुली गाड्यांत, आणि शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटं कुणी बाहेर नाही.

दोन सामन्यांमध्ये दीड तास मिळतो. चीज पिझ्झा खाऊन मुली जडावतात. दशम्या, दहीभात, केळी आणि कूलरभर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत उन्हात जास्त उपयोगी पडतं, आणि बाकीच्या मुलीही ते आवडीने पितात.

रविवारी संध्याकाळी घरी जाण्याआधी काउंटरवरचे आकडे वहीत उतरवा: कुणी कोणत्या दिवशी किती पिच टाकले, कुणाचा खांदा दुखतोय. मंगळवारच्या सरावाला त्या मुली बॅटिंग आणि पळण्यापुरत्या येतील, चेंडू टाकायला नाही.